महिपतीची माफी

पेण,
८ जानेवारी २०२३

ती. मालूताईस,
प्रभूच्या नावाने सलाम आणि तुझ्या पायांवर डोकं.

मी बाप्तिस्मा घेतल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. तसंही हे फोनवर बोलता आलं नसतं. मैनाचे गुडघे दुखतात, तरी गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. माझं ऐकायचं नाही हे माझी बायको बहुतेक तुझ्याकडूनच शिकली. भाविकाचं लग्न आपल्या गावातच ठरतंय, सरपंचांच्या पुतण्याशी, अक्षयशी. मे महिन्यात करू म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. सोळा वर्षांपूर्वी खाडीच्या बांधातल्या उघाडीची झडप पाडायला दाजी विसरले नव्हते. त्यांनी ती संध्याकाळी नीट पाडून पाण्याची वाट बंद केली होती. तुझ्या हातचं जेवून मी उठलो, बांधावर गेलो आणि ती उचलली. भरतीबरोबर जिताडे मासे आत येतील, त्यातला एक मोठा साहेबांना नेऊन दिला की नोकरी कायम होईल, एवढंच डोक्यात होतं. पहाटे झडप परत पाडणार होतो, पण झोप लागली. उठलो तोवर खाडी सगळ्या गावाच्या भातात शिरली होती.

हे पाप मी मंडळीसमोर उभं राहून कबूल केलं. पास्टर म्हणाले, खऱ्या पश्चात्तापाला देव माघारी पाठवत नाही. तेव्हापासून मला फार मोकळं वाटतं. आता तूही माफ कर. दाजींना तूच तुझ्या शब्दांत सांग. गावात मात्र इतक्यात बोलू नकोस, पोरीची सोयरीक मोडेल.

दाजींना नमस्कार, सुजयला आशीर्वाद. माया कमी करू नकोस.

तुझा,
नाथा


रोहा,
१९ जानेवारी २०२३

चि. नाथा यास आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला.

तुझं पत्र वाचून मी पिठाच्या डब्याखाली लपवलं. सुजयने बघितलं असतं तर तो कंपनीतून परस्पर पेणला आला असता, आणि मामा म्हणून तुझी गय केली नसती.

तू धर्म बदललास म्हणून मी रुसले होते, त्या रुसव्याचं आता मलाच हसू येतं. तुझ्या देवावर माझा राग नाही. पण तुला माफ करण्याआधी त्याने आम्हाला विचारायला हवं होतं. भात आमचं बुडालं होतं, त्याचं नाही.

तू जिताडा घेऊन साहेबांच्या दारात उभा होतास, तेव्हा इथे गावाची बैठक बसली होती. हे परत परत सांगत होते, झडप मी पाडली व्हती. कोणी ऐकलं नाही, महिपतीच विसरला म्हणाले. उघाडी राखायचं काम काढून घेतलं. गावाची शेतं खारवली आणि माझ्या हळदीकुंकवाला एक बाई उंबऱ्यात आली नाही. सुजयला पोरं खेळायला घेईनात, तेव्हा आम्ही रोह्याला आलो. तू कायम झालास, पेणला घर बांधलंस, वास्तुशांतीला मला साडी नेसवलीस. ती मी सणासुदीला नेसत आले.

आणि मीही काही कमी नाही. मीसुद्धा ह्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. नीट आठवा, विसरला असाल, म्हणून टोचत राहिले. शेवटी एकदा म्हणाले, व्हय गो, विसरलो असन. मग मी थांबले.

मला कागदावरची माफी नको. इथे ये, ह्यांच्यासमोर बस आणि सांग. नंतर गावात सांग. ह्यांना दम लागतो, डॉक्टरांनी फार आशा दिलेली नाही. जाण्याआधी आपल्या नावावरचा डाग पुसलेला त्यांनी स्वतः बघावा, एवढंच मला हवं आहे. लग्नाचं तुझं तू बघ.

मालू


पेण,
६ फेब्रुवारी २०२३

ती. ताईस,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझ्या पत्रानंतर पास्टरांकडे गेलो, तर ते माझ्यावरच रागावले. ज्याचं वाटोळं केलंस त्याच्या दारात न जाता इथे कशाला रडलास, म्हणाले. दाजींवर आळ आला हे त्यांना ठाऊक नव्हतं, मीच सांगितलं नव्हतं. म्हणून काल आलो. तू चहा ठेवायला आत गेलीस तेवढ्यात दाजींना सगळं सांगितलं.

ताई, दाजी रडले. मला छातीशी धरलं, डोक्यावर हात ठेवला. माझ्यासाठी पण तुझ्या देवाकडे प्रार्थना कर, म्हणाले. एवढं मोठं मन मी कुठे पाहिलं नाही. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर नव्हता म्हणून चहा न घेता निघालो. त्याबद्दल चार शिव्या घाल.

गावाचं मे महिन्यानंतर बघू. ज्यांनी माफ करायचं त्यांनी केलं, आता घाई कसली?

तुझ्या मायेचा भुकेला,
नाथा


रोहा,
१५ फेब्रुवारी २०२३

नाथास,

चहाला थांबला असतास तर बरं झालं असतं. तुझ्यासमोरच सगळं फुटलं असतं.

तू गेल्यावर मी ह्यांना विचारलं, आता तरी खरं कळलं ना? तर म्हणाले, नाथा लय भला मानूस हाय गो. झडप विसरलो मी, आणि तो माझं पाप आपल्या अंगावर घ्यायला पेणहून आला. त्याच्या देवानं पण म्हणे लोकांची पापं अशीच अंगावर घेतली व्हती.

मी ओरडून सांगितलं की नाथानेच केलं. तर माझ्यावर चिडले. तूच माझ्याकडून कबूल करवून घेतलंस, आता फिरवू नको, म्हणाले. त्यांना आता आठवतंसुद्धा. पाऊस होता, बांधावर पाय घसरत होता, म्हणून झडप न बघताच घरी आलो, असं सांगतात. मनात घोळवून घोळवून त्यांनी ती रात्र तयार केली आहे. तेव्हा तुला मिळाली ती माफी नव्हती, नाथा. ते तुझं कौतुक होतं.

पुढचं ऐक. तुझ्याकडे बघून त्यांनाही धीर आला आहे. होळीला गाव जमतं तेव्हा जाऊन सगळ्यांची माफी मागणार म्हणतात. सुजय गाडी ठरवतोय. माझं ते ऐकत नाहीत. तू त्यांच्या आधी गावासमोर उभा राहिलास तर त्यांना मानावंच लागेल. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागते.

मालू


रोहा,
१२ मार्च २०२३

नाथास,

तुझं उत्तर आलं नाही, पण होळीला तू आलास. अक्षयच्या घरच्यांनी तुला मानाने खुर्ची दिली होती. हे काठी टेकून उभे राहिले आणि दम खात बोलले, तुमची शेतं मी खारवली, तुमच्या पोरांच्या तोंडचा घास काढला, मला माफ करा. मी तुझ्याकडे बघत होते. तू चपलांकडे बघत होतास. सरपंचांनी ह्यांना मिठी मारली, बाया रडल्या. तू उठलास, पण तो त्यांना आपली खुर्ची द्यायला.

मला बोलता आलं असतं, अगदी ओठावर आलं होतं. पण इतक्या वर्षांनी लोक ह्यांचा हात धरून आपल्या घरी चला म्हणत होते, आणि हे लहान मुलासारखे सगळ्यांकडे बघून हसत होते. ते माझ्याने हिसकावून घेववलं नाही. म्हणजे तुझ्या पापात आता मीही भागीदार झाले. ते मी कुठल्या मंडळीसमोर कबूल करणार नाही.

आज सकाळी ह्यांनी मला कागद घ्यायला लावला. नाथाला लिही, म्हणाले, की गावानं मला माफ केलं, तुझी प्रार्थना पावली. आता माझं पाप तू अंगावर घेऊन फिरू नको, सुखानं खाली ठेव. भाविकाला आशीर्वाद सांग, म्हणाले.

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. माझ्याकडून काही नाही.

मालू