गोल सोडून सूर धरला त्याची हकीकत

हॅल्डन, लँकेशर
सोमवार, ६ नोव्हेंबर १८९३

प्रिय मार्गेड मावशीस,

इडवलचं लोटांगण. (परवा चार हजार माणसांपुढे चिखलात खरोखरच घातलं, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? डीकन एलिस पेन्रींचा काळा कोट अजून दर शनिवारी इस्त्रीला तुझ्याकडेच येतो ना? सहज विचारलं.

मी धर्मविद्यालय अर्धवट सोडलं म्हणून तू अजून हळहळतेस असं कळलं. पण मावशी, गुरुजी म्हणाले की लाथ मारणारा पाय नरकातच जातो. मी एवढंच विचारलं, "मग गाढवं सगळी तिकडेच का?" त्यांनी ते स्वतःवर घेतलं, हा माझा दोष? आता इथल्या फुटबॉल संघात त्याच लाथेवर मी पोट भरतो. (पेन्रींच्या मुलीपायी, लोवरीपायी, अन्न गोड लागत नाही, हे खरं. पण घरमालकिणीच्या हातची बटाट्याची पाई वाया कशी घालवायची?)

तर शनिवारी आपल्या चॅपलची मंडळी वेल्सहून इथे गायनस्पर्धेला आली आणि हरली. म्हणे सूर चढा लागला. (परीक्षक इंग्रज, त्याला काय कळतंय!) परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून पेन्री म्हणाले, "चला, तोवर त्या पापाच्या मैदानात जाऊन देवाची साक्ष देऊ." चाळीस माणसं रीतसर तिकीट काढून गोलामागे साक्ष द्यायला उभी राहिली. इकडे मी दोन्ही बॅकना चकवलेलं, पुढे फक्त गोलकीपर, आणि नेमकं त्याच क्षणी पेन्रींनी स्तोत्र उचललं. मावशी, दोन सूर वर! तिसऱ्या ओळीची चढण तुला ठाऊक आहे. तिथे बायकांचा जीवच गेला असता. पहिल्या रांगेत लोवरी आधीच पांढरी पडलेली. आपल्यात ज्याच्या कानाला खटकेल त्याने सूर द्यायचा, ही सवय तुम्हीच लावलीत ना? मी चेंडूवर पाय ठेवला, हात वर केला आणि सूर दिला. गोलकीपरसुद्धा ऐकत राहिला. (आपल्याच खोऱ्यातला निघाला.) पण त्यांचा एक आडदांड बॅक धावत आला, माझ्या नडगीवर नालाचा बूट हाणून चेंडू घेऊन गेला, आणि मिनिटभरात आमच्यावर गोल. तेच ते लोटांगण.

आमचा कप्तान ओरडला, "अहो पाद्रीबुवा, पगार पायाचा घेता की गळ्याचा?" पण तोवर सूर जुळला होता आणि अख्खं मैदान गाऊ लागलं होतं. त्या तालावर मी दोन गोल केले. जिंकलो! लोवरीने साक्ष देता देता रुमाल हलवला.

नंतर पेन्रींनी मला फाटकाशी गाठलं. "वीस वर्षं सूर मी देतोय, पोरा! उद्या स्वर्गात देवदूतांनाही शिकवशील!" मान खाली घालायची सोडून मी म्हणालो, "चुकले तर शिकवीन." लोवरीने डोळेच मिटले. आता येत्या रविवारच्या बैठकीत ते माझं नाव चॅपलमधून काढणार, आणि नाव गेलं की लोवरी गेली. तेव्हा तू त्यांना समजाव, की वयपरत्वे कान जातो, त्यात लाज कसली? उलट इडवलने अब्रू राखली म्हणावं.

लोवरीचा (तू सांभाळून घेतलंस तर),
इडवल

ता. क. कानाचं काही बोलू नकोस. त्यांचा कान शाबूत आहे. पहिला सूर देणारा त्यांचा तो दुशिंगी नादकाटा खिशात नव्हता, आणि चाळीस जणांपुढे तसं कबूल कसं करणार? म्हणून अंदाजाने उचललं. काटा माझ्या मोज्यात होता. सकाळी स्टेशनवर लोवरीने बापाच्या खिशातून काढून प्रेमाची खूण म्हणून हळूच दिलेला. (परीक्षकालाही उगाच बोललो.) सोबतच्या पुडक्यात तो आहे. कोट आला की अस्तरात सरकवून दे, म्हणजे इतके दिवस तिथेच अडकला होता असं होईल.

पुन्हा ता. क. त्या बुटाने काट्याच्या टोकांचे टवके उडालेत. आता सूर जरा चढा देतो. हे कुणालाही सांगू नकोस. रविवारी पेन्री तो ठोकतील, डोळे झाकून स्तोत्र उचलतील, तिसऱ्या ओळीला बायका पांढऱ्या पडतील, आणि सूर खाली आणणारा माणूस दाराशीच उभा असेल. जेवायला तुझ्याकडेच येतो.