सहा पट्ट्यांचा उंदीर

ता. ८ जानेवारी

ती. अक्कास,
बारकूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ठकी लिहीत नाही, फोनवर खेकसते, जेवते की नाही कळत नाही, ही तक्रार वाचली. जेवते. माझ्या डब्यातलंच जेवते आणि भाजीत मीठ जास्त आहे म्हणून वर मलाच ऐकवते. खेकसण्याचं कारण मात्र सध्या मीच होऊन बसलोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

लेक काय शिकते असं कुणी विचारलं की तू उंदरांना औषध पाजते म्हणून मोकळी होतेस. आता नीट ऐक. जनावर घाबरलं की त्याच्या मेंदूच्या तळातून निरोप निघतो. तो तिथंच खाली लोंबणाऱ्या एका इवल्या ग्रंथीला पोचतो. ती तो रक्तातून पुढे पाठवते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींना. त्या मग ताणाचं हार्मोन सोडतात आणि पळायला, झुंजायला अंगात बळ येतं. तेच हार्मोन फिरत मेंदूत परत पोचलं की मेंदू म्हणतो, पुरे. आमच्या ऑफिससारखंच आहे म्हण, फक्त इथं खालच्यानं वर जाऊन पुरे सांगितलं तर वरचा ऐकतो.

ठकीकडे एका मुळीचा अर्क आहे. तो पाजला की उंदीर शांत राहतो, हार्मोन चढत नाही, हे तिला दाखवायचंय. एकेका पिंजऱ्यात सहा उंदीर. शेपटीवर शाईचे पट्टे, पहिल्याला एक, सहाव्याला सहा. रोज सकाळी ड्रॉपरनं पाजायचं काम माझं. लाल टोपणाच्या बाटलीत अर्क, निळ्या टोपणाच्या बाटलीत नुसतं पाणी. दोन्ही सारखेच पारदर्शक. पहिल्या फेरीत एक ते तीनला अर्क दिला, चार ते सहाला पाणी. अर्कवाले शांत, पाणीवाले भेदरलेले. तिच्या गाईडबाई खूश. मग त्या म्हणाल्या की खात्रीसाठी उलटं करून बघू. या फेरीत एक ते तीनला पाणी, बाकीच्यांना अर्क. तर पाणीवाले शांत आणि अर्कवाले भेदरलेले.

आता बाईंचं म्हणणं असं की बारकूमामानं सवयीनं जुन्याच नंबरांना लाल बाटली चालू ठेवली. वय झालंय, असंही म्हणाल्या, दार लावून घेतल्यावर. दार पातळ आहे. ठकी तिथंच होती, पण तिचा आवाज काही ऐकू आला नाही. मला मेमो मिळाला. महिन्याभरात लेखी खुलासा द्यायचाय.

अक्का, सतराव्या वर्षी मी इथं पिंजरे धुवायला लागलो. आज प्राणीघराच्या चाव्या माझ्या कमरेला आहेत. या सगळ्या काळात एक बाटली चुकली नाही. पण परवापासून टोपण उघडताना हात थांबतो. लाल आहे ना, म्हणून दोनदा बघतो. खरंच चुकलं असेल तर?

लोभ आहेच, त्यात काटछाट करू नकोस.

तुझा,
बारकू

ता. १४ जानेवारी

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही मामा-भाचीनं मिळून माझं डोकं पिकवलंय. तिला फोन केला तर म्हणाली, आई, उंदरांनी माझा जीव घेतलाय, तू नको घेऊस. तुझं पत्र वाचलं तर तू टोपणांकडे टक लावून बसलेला. इकडे माझ्याकडे दोनशे गणवेशांचं काम, मशीनचा पट्टा दर तासाला निसटतोय आणि तुमच्या पायी काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

तू चुकला नाहीस. तुला मी ओळखते. लहानपणी मीठ आणायला पाठवलं तर दुकानापर्यंत मीठ मीठ म्हणत जायचास. अशा माणसाच्या हातून रंग चुकत नाही. आणि ठकी गप्प का बसली, ते मी विचारणार आहे.

मात्र तुझे उंदीर भेदरट आहेत हे वाचून हसू आलं. तुझ्याच हातचे ना ते. शाळेत लस टोचायला कंपाउंडर यायचा, आठवतं? आपण चौघं वयानं ओळीत. पहिली मी, पडद्याआड गेले, हसत बाहेर आले. दादा गोरामोरा होऊन आला. ताई रडवेली. आणि तू तर अजून सुई बघितलीही नव्हतीस, तोवर पडद्याबाहेरच चड्डी ओली केलीस. कंपाउंडर म्हणाला होता, याला पहिला घेतला असता तर काही झालं नसतं. गावभर मी ते सांगत फिरले होते.

खुलाशात काय लिहितोस ते कळव. आणि भाजीत मीठ खरंच जास्त असतं.

जीव लावून आहेच, तू जिवाला जप.

तुझी,
अक्का

ता. २२ जानेवारी

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र चहाच्या वेळी वाचायला घेतलं. चड्डीचं वाचून चिडलो, मग पुन्हा वाचलं, मग चहा तसाच ठेवून आत गेलो.

ठकी हार्मोन मोजायला उंदरांचं रक्त घेत होती. मी कोपऱ्यात स्टूल टाकून डोळे मिटून बसलो. झोप काढू नकोस म्हणून ती ओरडली. उंदीर सुखात असला की बारीक दात करकरवतो, ती करकर मला दारातून ऐकू येते. सुरुवातीला पिंजरा करकरत होता. तिनं झाकण उघडून एक पट्ट्याचा उचलला, शेपटीच्या टोकातून थेंब घेतले, परत ठेवला. तीन-चार मिनिटं. मग दोन पट्ट्यांचा. तिसऱ्याला करकर थांबली. चौथ्याला भुसा खसखसला. सहाव्याच्या वेळी काहीच आवाज नाही. डोळे उघडले तर तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, वीस मिनिटांपासून. घाबरलेले उंदीर एकमेकांना काही ओरडूनही सांगतात म्हणे, आपल्या कानांना ते ऐकू येत नाही.

ठकी नेहमी एकपासून सहापर्यंतच घेते. नीटनेटकी आहे, तुझ्यावर गेलीय. झाकण पहिल्यांदा उघडल्यापासून तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हार्मोन रक्तात चढायला लागतं, हे तिनंच मला शिकवलं होतं. ती बाहेर गेल्यावर वही बघितली. दोन्ही फेऱ्यांत, प्रत्येक पिंजऱ्यात, आकडे एकाकडून सहाकडे चढत गेलेत. अर्क कुणाला, पाणी कुणाला, याचा काही संबंध नाही. पहिले तीन नेहमी शांत, शेवटचे तीन नेहमी भेदरलेले. मुळी काहीच करत नाही, अक्का. शेवटी उभं राहणं करतं.

म्हणजे मी चुकलो नाही. काल रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो. सकाळी उठलो आणि लक्षात आलं की मी सुटलो तर ती अडकते. दोन वर्षांचं काम पाण्यात, पेपर बाद. म्हणून ठरवलंय. निवृत्तीला सात महिने राहिलेत. बाटल्यांत माझी गफलत झाली असं लिहून देतो. दुसरी फेरी रद्द होईल, पहिली टिकेल, पोरगी पास होईल. माझ्या नावाला एक डाग पडला तर कुणाचं काय जातंय.

हे फक्त तुला सांगतोय. तिला कळता कामा नये.

माया कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
बारकू

ता. २७ जानेवारी

चि. बारकूस,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडून देतेय. वि. वि.

तिला कळता कामा नये म्हणे. तुझं पत्र जसंच्या तसं पाकिटात घालून काल ठकीला पाठवलं. तू आदळआपट करशील, कर. तिकडे आहेस, मला ऐकू येणार नाही.

मी त्या पडद्यातून हसत बाहेर आले, ते खोटं होतं. दंड ठणकत होता. धाकट्यांनी घाबरू नये म्हणून दात दाखवले. काय उपयोग झाला? तू घाबरलासच, आणि वर मी तुझी फजिती सगळ्यांना सांगितली. दुखतंय असं सरळ सांगितलं असतं तर निदान तू एकटा भित्रा ठरला नसतास. आता तू तेच करायला निघालायस. डाग अंगावर घेऊन हसत बाहेर येणार, आणि माझी लेक जन्मभर एका खोट्या मुळीवर उभी राहणार. मुळीवर भरवसा ठेवून उद्या कुणी ती माणसाला पाजली तर?

तो खुलासा माझ्या शब्दाशिवाय देऊ नकोस. एवढं ऐक.

रागावलेय, तरी तुझीच,
अक्का

ता. ५ फेब्रुवारी

ती. मामास,
ठकीचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र तुझ्या डब्याखाली ठेवतेय. तोंडावर बोलायला आले तर मी एकतर रडेन नाहीतर भांडेन, आणि उंदीर बघत बसतील. त्यांचे आकडे आधीच बिघडलेत.

तुम्हा बहीण-भावांचा मला वीट आलाय. एक माझ्यासाठी खोटं लिहून देणार, दुसरी त्याचं पत्र पाकिटात घालून पाठवणार. मला सरळ सांगायचं कुणाला सुचलं नाही. पत्र वाचून मी आधी वही काढली, मग तासभर पिंजऱ्यासमोर बसले. शनिवारी एका पिंजऱ्यात उलटं घेतलं, सहापासून एकपर्यंत. सहा पट्ट्यांचा शांत, एक पट्ट्याचा भेदरलेला. तू बरोबर होतास. तो आकडा बघून मला तुझा इतका राग आला की काय सांगू.

बाईंना मीच सांगितलं. त्यांनी वही उघडून आकडे एकाखाली एक वाचले. मग म्हणाल्या, हे त्यांच्याही लक्षात यायला हवं होतं. मेमो मागे घेतल्याचा कागद आज तुझ्या टेबलावर येईल. त्यात चूक माझी आहे असं लिहिलंय, ते मी लिहायला लावलं. त्या दिवशी दाराआड मी गप्प बसले, कारण बाटली तुझ्याकडून चुकली असती तर मी सुटले असते. हे तुला दाराबाहेर ऐकू आलं नसेल, म्हणून लिहितेय.

पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. मुळी कामाची नाही असं निघालं तरी तेच लिहायचं. आता एकेक उंदीर काढायचा नाही. सहा माणसं, सहा जोड हात, झाकण एकदाच उघडायचं आणि सहाही एकाच वेळी उचलायचे. मी, बाई, दोन विद्यार्थी, झाडूवाल्या मावशी. पाच झाले. तुझी सुटका सात महिन्यांनी आहे, त्याच्या आत ही फेरी होते.

सहा पट्ट्यांचा तू उचल. त्याला आता कुणासाठी थांबायचं नाही.

डब्यात आज मीठ कमी होतं. आईला कळवलंय.

जीव आहे तुझ्यावर, हे एकदाच लिहितेय.

तुझी,
ठकी