ओल्या गोणपाटाखाली

प्रिय एल्स्पेथ,

तुमच्या होबार्टला भर उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो म्हणतेस. इथे पिलबरात खाणीवरच्या पत्र्याला नुसता हात लागला तरी फोड येतो. माणसं दुपारी बोलतसुद्धा नाहीत.

माझं काम तुला ठाऊकच आहे, बिनचालकाच्या ट्रकवरचं ते खोकं. समोर माणूस दिसला की आतल्या प्रोसेसरनं पापणी लवायच्या आत ब्रेक लावायचा. उष्णता वाढली की बाकीची कामं एकेक सोडायची, आधी नोंदी, मग चित्रं पाठवणं, आणि ताकद ब्रेकसाठी राखायची. ही शिकवण माझीच.

आमचा फिटर क्लाइव्ह मोठा प्रेमळ. खोकं तापतंय म्हणून त्यानं त्यावर ओलं गोणपाट टाकलं. मी हसले, तर म्हणाला, "अगं, याच गोणपाटाखाली आमच्या आजीचं लोणी टिकायचं. तुझं खोकं काय लोण्याहून नाजूक लागून गेलंय?" मग सगळेच रोज पाणी मारू लागले. मलाही बरं वाटलं, कुणीतरी कुणाची तरी काळजी घेत होतं.

पण तापमापक झाकणाला होता. झाकण गार, म्हणून प्रोसेसर बिनधास्त सगळी कामं रेटत राहिला आणि आतून भाजत गेला. शेवटी जीव वाचवायला त्यानं आपला विचार करण्याचा वेगच एकदम उतरवला, नेमका क्लाइव्ह समोरून जाताना, आणि ब्रेक उशिरा लागला. ट्रक थांबला तेव्हा क्लाइव्हनं हात पुढे केला असता तर बंपरला लागला असता. तो खाली बसला, मग म्हणाला, "लोण्यानं असं केलं नसतं हो." कुणी हसलं नाही.

आता तापमापक मी आत, प्रोसेसरच्या शेजारी बसवलाय.

रॉस वारला, संसार संपला, तेव्हापासून मी आधी गाणं सोडलं, मग स्वयंपाक, मग जेवणघरात इतरांबरोबर बसणं. उरलंय फक्त काम. तू दर रविवारी फोनवर विचारतेस, कशी आहेस? मी म्हणते, मजेत. एल्स्पेथ, ते गोणपाट आहे गं. फार एकटी पडलेय मी. या रविवारीही सवयीनं मजेतच म्हणेन. तू ऐकू नकोस. तिकीट काढ आणि ये.

तुझीच,
ब्रोन्विन