लिफ्ट नाही, पण कप्पी आहे

५ जानेवारी, रविवार
घर विकायचं ठरलं. म्हणजे हिने आणि मुलीने ठरवलं, मी अध्यक्षीय मंजुरी दिली. कारण हिचे गुडघे. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर निघालंय. तिथल्या मालकीणबाई मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. तोवर आपलं विकलं तर ते मिळेल, नाहीतर दुसरं कुणी घेईल. इतकं सोपं आहे.

खरं तर घाई कसली? गुडघ्यांचा प्रश्न मी मागच्याच वर्षी सोडवलाय. गॅलरीला कप्पी बसवली. दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. भाजीवाला भाजी घालतो, बेकरीवाला पाव घालतो. पिशवी वर ओढायची. हिला खाली जायची गरजच उरली नाही. तेव्हापासून ती खाली गेलेलीच नाही. कप्पीचं यश.

६ जानेवारी
हिचं म्हणणं, कोपऱ्यावरच्या चावीवाल्यांना सांगा. चावीवाले म्हणजे एजंट. ड्रायक्लीनर आणि औषधाचं दुकान यांच्यामध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, हेच ऑफिस. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. म्हणे या रस्त्यावरची निम्मी घरं त्यांच्या हातून गेली.

भेटून आलो. कार्ड दिलं. घर विकलं गेलं तरच कमिशन घेतो, म्हणाले. तिथेच माणूस कळला. ज्याला स्वतःची खात्री असते तो पैसे आधी घेतो. शिवाय एजंट करतो काय? दार उघडतो. दार मलाही उघडता येतं.

८ जानेवारी
ऑनलाइन जायचं ठरवलं. वेबसाइट उत्तम. गोल्ड पॅकेज घेतलं. पैसे आगाऊ, घर विको न विको, परत मिळणार नाहीत. आत्मविश्वास याला म्हणतात.

घराचं क्षेत्रफळ भरलं की कॉम्प्युटर लगेच किंमत सांगतो. त्यात मी माझ्या दुरुस्त्यांचे वेगळे मिळवले. कॉम्प्युटरला त्या कुठून माहीत असणार?

चॅटवर ‘विक्रेता-मैत्रीण’ म्हणून एक बाई आहेत. अतिशय नम्र. मी सगळी हकिगत लिहिली. ‘आम्ही तुमच्या भावना समजतो,’ असं त्यांनी तत्काळ कळवलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी घरात ऐकलेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
जाहिरात लागली. मजकूर माझा: ‘तिसऱ्या मजल्यावरील हवेशीर घर. लिफ्ट नाही, पण कप्पी आहे. पूर्वी जिथे जिथे पाणी गळत असे, त्या सर्व जागा मालकाने स्वहस्ते दुरुस्त केल्या आहेत.’

फोटोही स्वतः काढले. मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, पहिल्याच फोटोत पाइप का आहे? म्हटलं, तो नुसता पाइप नव्हे, जोड आहे. त्याऐवजी आई गॅलरीत चहा पितेय असा फोटो का नाही टाकला, असं तिने विचारलं. आई विकायची नाहीये, म्हणालो. ती हसली नाही.

संध्याकाळपर्यंत जाहिरात बावीस वेळा पाहिली गेली! हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्हीच नाही ना उघडून बघत? काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१९ जानेवारी, रविवार
पहिलं गिऱ्हाईक. तरुण जोडपं, चेहरे उत्साही. मी टूर आधीच आखून ठेवली होती. नोकरीत असताना मी देखभाल विभागात होतो. (भांडारात. पण विभाग तोच.) त्यामुळे सगळं क्रमाने दाखवायची सवय आहे.

बाथरूमपासून सुरुवात. छताकडे बोट दाखवून विचारलं, इथे पूर्वी केवढा ओला डाग होता, ओळखता येतो का? नाही म्हणाले. मग पेन्सिलने गोल काढून दाखवला. मग दिव्यांची बटणं. वायरिंग मी स्वतः बदललं तेव्हा बाथरूमच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात गेलं. म्हणून प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी आहे. ‘हा पंखा नाही.’ ‘हे ओल्या हाताने नको.’ ‘हे कसलं आहे ते शोधणे चालू.’

शेवटी कप्पी. पिशवी खाली सोडली. खाली भाजीवाला नव्हता, त्यामुळे रिकामी वर आली. तरी प्रात्यक्षिक प्रभावी झालं. दोघांनीही लगेच चपला घातल्या.

कळवतो म्हणाले. उद्या किंवा परवा फोन येईल.

२४ जानेवारी
फोन नाही. जोडपं अननुभवी होतं. मैत्रीणबाईंना कळवलं. त्यांनाही माझ्या भावना समजल्या.

२ फेब्रुवारी
एकूण पाच गिऱ्हाइकं झाली. एकाला अर्ध्या टूरमधून फोन आला आणि तो बोलत बोलत जिना उतरला तो उतरलाच. एक बाई म्हणाल्या, इतकं गळतं का? म्हटलं, गळत नाही, गळायचं. भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांतला फरक लोकांना शिकवणं माझं काम नाही.

ही म्हणाली, अहो, त्यांना डाग दिसला नसता हो. तुम्ही पेन्सिलीने काढून कशाला दाखवता? म्हटलं, डाग दाखवला नाही तर दुरुस्ती दिसणार कशी? तिने कपाळाला हात लावला.

९ फेब्रुवारी, रविवार
आज एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, बस झालं, घर कितीही छान असू दे. हिने माझ्या हाती पाण्याचा तांब्या आणि स्टूल पाठवलं. मी त्यांना तिथेच बसल्या बसल्या कप्पीची माहिती दिली. त्या म्हणाल्या, पिशवीत मला घालणार का?

अशा लोकांना मुळात घर घ्यायचंच नसतं. वर येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, बरोबर बोलल्या त्या. मग बराच वेळ गॅलरीत उभी होती, खाली बघत. तिला वरून रस्ता बघायला आवडतो.

१६ फेब्रुवारी
हिने विचारलं, मालकीणबाईंना काय सांगू? त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे. सांग, आमच्याकडे ट्रॅफिक वाढतंय, म्हणालो. हिने पुन्हा चावीवाल्यांचं नाव काढलं. मी शांतपणे सांगितलं की आपण गोल्डमध्ये आहोत.

संकल्प: किंमत एक पैसाही कमी करायची नाही. टूर थोडी वाढवायची. लोकांना माहिती कमी पडतेय.

१९ फेब्रुवारी
दुपारी लायब्ररीत. विषय: प्लंबिंग. परत आलो तर ही पलंगावर, पायांखाली दोन उशा, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. म्हणाली, जरा जास्त दुखतंय आज. घरात बसून दुखतात कसे, कळत नाही. हिची बाहेरची चप्पल दारात होती. साफ करायला काढली असावी. तिला स्वच्छतेचं वेड आहेच.

२१ फेब्रुवारी
लायब्ररी. आल्यावर पुन्हा तोच प्रकार. उशा, पिशवी. चेहरा मात्र बरा. चक्क गुणगुणत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार
मुलीचा फोन. बाबा, नळ गळतोय, तुम्हीच या. जावई आहे, पण त्याला पान्हा कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नाही. गेलो. नळ फारसा गळत नव्हता. मी उघडल्यावर गळायला लागला, म्हणजे दोष आतच होता. संध्याकाळपर्यंत आटोक्यात आणला.

घरी आलो तर बटणांच्या चिठ्ठ्या गायब! ड्रॉवरमध्ये सापडल्या. कप्पीवर चादर वाळत घातलेली. बाथरूममधला पेन्सिलचा गोल पुसलेला. ही म्हणाली, झाडलोट केली. चिठ्ठ्या परत लावल्या, गोल परत काढला.

२ मार्च, रविवार
मुलीचा नळ पुन्हा. माझ्याशिवाय त्या घराचं पान हलत नाही. परत आलो तर चिठ्ठ्या पुन्हा ड्रॉवरमध्ये, आणि टेबलावर फुलं. फुलं कुणी आणली विचारलं तर म्हणे पिशवीतून आली. बघा, कप्पीचे उपयोग वाढतच चाललेत.

मैत्रीणबाईंबद्दल जावई म्हणाला की ती बाई नसून मशीन आहे. सगळ्यांना तीच उत्तरं देते. मला शंका होतीच. इतकं समजून घेणारं माणूस असतं का कुठे?

९ मार्च, रविवार
हे सविस्तर लिहायला हवं.

दुपारी मुलीचा पुन्हा नळासाठी फोन, म्हणून गेलो. ती आंघोळीला गेली होती. जावयाने दार उघडलं. नळ म्हणालो तर म्हणाला, कुठला नळ? सगळं ठीक आहे. म्हणजे माझी दुरुस्ती टिकली! या आनंदात चहासुद्धा न घेता घरी परतलो.

जिन्यात, पहिल्या मजल्यावर, एक नवरा-बायको उतरताना भेटले. वरचं घर छान आहे, असं आपसात बोलत होते. माझ्या लगेच लक्षात आलं, ऑनलाइन गिऱ्हाईक! मी ओळख करून दिली आणि तिथेच माहिती द्यायला घेतली. डाग, जोड, वायरिंग. तेवढ्यात वरून चाव्यांचा आवाज आला. चावीवाले! त्यांनी मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

पण तो नवरा हसला. म्हणाला, काका, काळजी करू नका. भिंती मजबूत आहेत, उजेड आहे, आम्हाला तेवढंच हवं होतं. पाइप, वायरिंग, बाथरूम, सगळं काढूनच टाकणार आहोत. बायको म्हणाली, गॅलरीतलं ते चाक पण.

व्यवहार ठरला होता. माझ्या किमतीला नव्हे. कॉम्प्युटरच्या किमतीला.

वर गेलो. ही खुर्चीत बसली होती. रागवायचं ठरवून गेलो होतो. विचारलं, यांना बोलावलं कुणी? ही म्हणाली, मी. म्हटलं, फोन केलास? म्हणाली, त्यांचा नंबर कुठे होता आपल्याकडे, तुम्ही त्यांचं कार्ड फाडून टाकलंत. मुलीला नंबर आणायला सांगायचा, तर ती तुमच्याशी भांडली असती. मी गेले ऑफिसात.

गेले म्हणजे?

जिना उतरून, म्हणाली. तुम्ही लायब्ररीत होतात तेव्हा. कठडा धरून, प्रत्येक वळणावर बसत बसत. पहिल्या दिवशी गेले तर ऑफिसला कुलूप, जेवायची वेळ. परत वर आले. मग एक दिवस पाय शेकले आणि पुन्हा गेले.

म्हणजे दोनदा. तीन मजले, दोनदा खाली, दोनदा वर.

म्हटलं, कप्पीतून चिठ्ठी सोडायची होतीस. भाजीवाल्याने दिली असती. ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही, आणि चावीवाले भाऊ म्हणाले, वहिनी, घर विकायचं असेल तर फक्त साहेबांना दुपारी बाहेर पाठवा.

चहा मी केला. वाईट वाटलं. फार वाटलं. उद्या लिहीन म्हणतो.

१० मार्च
काही लिहिण्यासारखं नाही. चिठ्ठ्या ड्रॉवरमध्येच राहू दिल्या. बाथरूमचा दिवा लावायला गेलो, स्वयंपाकघरातला पंखा सुरू झाला.

२७ मार्च
मालकीणबाईंच्या घराचे कागद झाले. चावीवाल्यांना कमिशन दिलं. मोजून घेतलं नाही त्यांनी, तसंच खिशात घातलं. म्हणाले, साहेब, तुम्ही जिन्यात बोलायला लागलात तेव्हा मला वाटलं, व्यवहार गेला. मी म्हणालो, माझ्या माहितीमुळेच त्यांचा निर्णय पक्का झाला. ते हो म्हणाले. नम्र गृहस्थ आहेत. एजंट असूनही.

६ एप्रिल, रविवार. नवं घर
वेबसाइटचा मेसेज: गोल्ड पॅकेजचं आपोआप नूतनीकरण झालं आहे, अभिनंदन. या आठवड्यात जाहिरात एकदा पाहिली गेली. तो मीच होतो. आमच्या घराचे फोटो तेवढेच आहेत. सगळे पाइपचे.

खोक्यांतलं पहिलं कप्पीचं उघडलं. दुपारभर ती हातात घेऊन फिरलो. खिडकी रस्त्यापासून कमरेइतक्या उंचीवर. इथे भाजीवाला हात लांब करून भाजी देऊ शकतो. तरी एक योजना सुचतेय, हे हिला सांगावं म्हणून हाक मारली. उत्तर नाही. स्वयंपाकघरात नाही, बाथरूममध्ये नाही. दार उघडं.

ही रस्त्यापलीकडे होती, भाजीच्या गाडीपाशी. एकेक टोमॅटो उचलून, दाबून बघून परत ठेवत होती. भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. मोठ्याने हसली एकदा. वर्षभर ही वरून ओरडून भाजी सांगायची आणि पिशवीत येईल ती घ्यायची. मला वाटायचं, तिला चालतं.

हाक मारणार होतो, नाही मारली. कप्पी खोक्यात ठेवली, खोकं माळ्यावर.

परत आल्यावर ही म्हणाली, मोरीचा नळ गळतोय, प्लंबरला सांगून आलेय. मी बरं म्हणालो.

प्लंबर उद्या सकाळी येतोय. दार मी उघडणार आहे.