नरसिंहाची गाडी

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या चौकशीच्या खिडकीची आता कुणाला आठवणही नसेल. गंगाखेडच्या स्टँडवर त्या जागी हल्ली बिस्किटांचं दुकान आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पत्रं लिहायची सवय नाही. पण सून आज सकाळच्या गाडीने परभणीला गेली आहे आणि माझा जीव नुसता खालीवर होतो आहे. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहायला बसलो.

तिची आज परीक्षाच आहे म्हणा. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची जागा निघाली आहे, आणि अगदी नवख्या मुलींना एक तास शिकवून दाखवायचं आहे. मागे एका ठिकाणी 'तुमचं शिकवणं डोक्यावरून जातं' म्हणून तिला परत पाठवलं होतं. आजही जमलं नाही तर ती पुण्याला नवऱ्याकडे राहायला जाणार. त्यात तिचं काही चूक नाही. पण मग या घरात मी एकटा. दाराची कडी वाजली तरी दचकणारा माझा स्वभाव तुम्ही ओळखून होता.

म्हणून गेले काही दिवस ती माझ्यावर सराव करत होती. "मामा, तुमाला कळलं तर कुनालाबी कळंल," म्हणाली. मी विचारलं, "हा मान हाय का टोमणा?" ती म्हणाली, "दोनी."

शिकवायचं होतं एपीआय. एका कॉम्प्युटरने विचारायचं, दुसऱ्याने ठरलेल्या पद्धतीने उत्तर द्यायचं, एवढंच ते. मी म्हणालो, म्हणजे चौकशीची खिडकी. तिला ते इतकं आवडलं की तिने लगेच धडा बदलला आणि एसटीच्या वेळाच घेतल्या. लॅपटॉपवर गावांची आणि गाड्यांची छोटी यादी केली. तिच्याखाली थोड्या ओळी लिहिल्या, की या पत्त्यावर कुणी गावाचं नाव घेऊन आलं तर त्या गावाच्या वेळा द्यायच्या. मी म्हणालो, नाव कशाला, मी कुठं जातो ते तुला ठाऊक नाही का? "मला हाय मामा, मशीनला न्हाई. तुमी कोन, हे बी त्याला ठाव न्हाई. पुरतं इचारा."

अगदी तुमच्यासारखं बोलली. तुम्ही खिडकीत बसला आहात, डोळ्यांवर चष्मा, पुढे रांग. मी, तुमचा मुलगा, लग्न झालेला बाप्या, खिडकीत तोंड घालून विचारतो, "दादा, गाडी कवा हाय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "कुठली?" "आवं, मी हाय." "तू हायस ते दिसायलंय. गाडी कुठली ते सांग, न्हाईतर बाजूला हो." मागची माणसं खो खो हसतात. किती दिवस मी तुमच्याशी धड बोललो नव्हतो.

तर मी फोनवर तो पत्ता उघडला आणि शेवटी 'मानवत' लिहिलं. महिरपी कंसात वेळा आल्या, वर दोनशे हा आकडा. दोनशे म्हणजे सगळं ठीक, तिने सांगितलं होतं. मला हुरूप आला. मग मी 'नरसिंह' लिहिलं. नरसिंहाचं देऊळ पोखर्णीला, पण देवाला जायचं असलं की पोखर्णी कोण म्हणतं आपल्यात? परत दोनशे आलं, आणि वेळांच्या जागी नुसता रिकामा कंस.

"अगं, नरसिंहाची गाडी बंद झाली की काय? शनवारी लोकांनी जायचं कसं?"

ती पोट धरून हसली. "मामा, ही खरी यष्टी न्हाई! माझ्या यादीत पोखर्णी हाय, नरसिंह न्हाई." मग एकदम थांबली. "पन तुमी घाबरलाव कशामुळं?"

"सगळं ठीक म्हनालं, अन् कंस रिकामा. मला वाटलं, गाडीच न्हाई."

मग मला ती दुपार आठवली. तुमच्या जागी एक नवा बाबू बसला होता. एका म्हातारीने कुठल्याशा वस्तीचं नाव सांगितलं, त्याला कळलं नाही, तो म्हणाला, "गाडी न्हाई." तुम्ही मागून भाकरीचा घास हातात धरून ओरडलात, "गाडी न्हाई म्हनू नको, मला ठाव न्हाई म्हन! ती बाई घरी माघारी जाईल की रे." मी हे सुनेला सांगितलं. तिने लॅपटॉप पुढे ओढून त्या ओळी पुन्हा लिहिल्या. गाव यादीत आहे पण आज गाडी नाही, तर दोनशे आणि रिकामा कंस. गावच यादीत नाही, तर चारशे चार, आणि खाली मराठीत: 'या नावाचं गाव सापडलं नाही, नाव तपासून पाहा.' म्हणाली, आता तासाला आधी चुकीचं उत्तरच दाखवते, पोरींना घाबरू देते, मग दुरुस्त करते. मला काळजी लागली, की परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सरांना वाटायचं, हिला येतच नाही.

इथवर लिहिलं आणि तिचा फोन आला. मागे स्टँडचा गलका.

"मामा, घेतलं मला! नरसिंहाला सगळ्या पोरी फसल्या. सरांनी बी कागदावर 'गाडी न्हाई' असंच लिहिलं."

"मग? काय म्हनाले?"

"म्हनाले, हे ध्यानात राहील. आन् ऐका, तुमची गोष्ट सांगितली तर पोरी म्हनायल्यात, ते मामा आमाला दाखवा. सोमवारी पयल्या तासाला तुमी यायचं, पुढच्या बाकावर."

मी म्हणालो, "गुडघा लय दुखायलाय गं, बघू."

हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगतो. गुडघा दुखत नाही. एखादी पोरगी मला सगळ्यांदेखत काही विचारील आणि मला सांगता येणार नाही, याची धास्ती आहे. पांढरा सदरा मात्र मी आत्ताच भिजत घातला.