विलायती कार्टं

३ मार्च १९९६
इथल्या, कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या रद्दीवाल्याकडून कॉमिक्सचा गठ्ठा आणला. विलायती. वीस-पंचवीस वर्षांचे अंक, आणि प्रत्येकात तेच एक कार्टं – लंगोट घसरलेला, कुणाला जुमानत नाही! ७३च्या अंकात दोन वर्षांचं, ९२च्याही अंकात दोनच वर्षांचं.
विद्याधर म्हणाला, “घरात मूल नाही, आणि कॉमिक्स?” बोलून गेला खरा. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी अंक उघडून वाचायला बसले.

९ मार्च
विद्याधरला चोरून वाचताना पकडलं! कार्ट्यानं आजोबांच्या बुटात कस्टर्ड ओतलं, त्यावर एकटाच खदखदत होता.

१७ मार्च
जेवणानंतर रोज एक पान. तो बापाचा आवाज काढतो, मी कार्ट्याचा. शेजारचे काय म्हणत असतील!

२४ मार्च
पान उलटता उलटता म्हणाला, “आसावरी, दत्तक घेऊ या?”
सहा वर्षांपूर्वी मी हेच विचारलं होतं, तेव्हा तो उठून गेला होता. आज मी उठले. ओट्यापाशी जाऊन रडले. मग दोघांचा चहा टाकला.

११ जून
सासूबाईंचा पुण्याहून फोन. “घ्यायचंच तर तान्हं घ्या. मोठ्या मुलाला लळा लागत नाही.”

२ ऑगस्ट
अनाथाश्रमात गेलो. चार महिन्यांचं बाळ दाखवलं. गोड, गाढ झोपलेलं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर खेचला – दोन वर्षांचा मुलगा, चड्डी घोट्यापर्यंत! तिथल्या कानडी आया अंबूबाई धावत आल्या. “अय्यो, जयतीर्थ, सोड! स्वल्प दांडगा आहे हा, बाई. लोक तान्हीच नेतात. हा राहतो मागे.”
विद्याधर त्याच्यासमोर खाली बसला. जयतीर्थनं त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि शर्टावर लांब रेघ ओढली. विद्याधर हलला नाही.
ऑटोत शर्टावरच्या रेघेवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, “तान्हं कुणीही नेईल.”
मी हो म्हटलं. सासूबाईंना काय सांगायचं ते बघू.

१९ नोव्हेंबर
आला! जयतीर्थ घरी आला!
दुपारभर दाराकडे जायचा आणि ओरडायचा, “अक्का! अक्का!” मी उचलून घेतलं की आणखी जोरात. आई नाही तर नाही, अक्का तर अक्का. मला हाक मारतोय! शेवटी माझ्या खांद्यावरच झोपला. हात अवघडला, तरी खाली ठेवला नाही.

२० नोव्हेंबर
अंबूबाईंना फोन केला. आनंदानं सांगितलं, मला अक्का म्हणतो!
 त्या म्हणाल्या, “बाई, त्याची अक्का, मोठी बहीण, आहे इथे. प्रेमा. पाच वर्षांची. दोघं आहेत म्हटलं की लोक एकालाही नेत नाहीत, म्हणून सांगितलं नाही.”
विद्याधर ऑटो आणायला गेलाय.