आईला कुठे जायचंय

बाबा, आईच्या खुब्याचं ऑपरेशन उद्या सकाळी होणार. आज दुपारी सर्जनबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, हृदयाची तपासणी ठीक आहे, भूल देणारे डॉक्टरही तयार आहेत. मी जन्मभर बातम्या लिहिल्या, त्यामुळे तुम्हालाही ताजी गोष्टच आधी सांगतोय.

परवा ती स्वयंपाकघरात पडली. फळीवरचा शेवेचा डबा काढायला गेली आणि पाय सरकला. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर एक्स-रे बघून माझ्याशीच बोलत होते, तिच्या स्ट्रेचरच्या वरून, जणू मध्ये कुणी नव्हतंच. "छियासी साल की हैं. इस उम्र में ऑपरेशन का क्या मतलब? घर ले जाइए, सेवा कीजिए." मी मान डोलावणार, तोच खालून आवाज आला, "सेवा तो ये करेगा डॉक्टरजी, पर पड़ी तो मैं रहूँगी ना?" भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही जिला तुम्ही शेजारी लागायचात, तीच ही बाई, दुखण्यानं ओठ पांढरे पडलेली. मी बघतच राहिलो.

दुसरीकडे हलवलं. तिथे सर्जनबाई तिच्या उशाशी स्टूल ओढून बसल्या. "माताजी, ठीक होके कहाँ जाना है आपको?"

"नुक्कड़ पे. पोहे खाने. खड़े-खड़े."

"और जलेबी?"

"वो तो शुगर देख के आप बताओगी."

बाई हसल्या. मग त्यांनी सगळे धोके सांगितले, आणि तिलाच सांगितले. हृदय दगा देऊ शकतं, कधी कधी माणूस शुद्धीवर येतही नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सहीसाठी हात पुढे केला.

मला तुम्ही गेलात त्या वर्षीची ती सकाळ आठवली. धाप लागते म्हणून तुम्हाला स्नेहलतागंजातल्या दवाखान्यात दाखवायला नेलंय. डॉक्टर मला म्हणतात, "भिया, अब उम्र हो गई बाऊजी की." स्टेथोस्कोप पाठीला लागायच्या आतच तुम्ही "बरोबर आहे" म्हणून शर्टाची बटणं लावायला घेता. येताना कोपऱ्यावर आपण तिघं पोहे खातो. तुम्ही वरून भुरभुरायचा जिरावण मसाला जास्त मागता. आई तुमच्याकडे नुसती बघत राहते. आज नर्स सलाईन लावून गेल्यावर बोलली, "ह्यांना कुणी विचारलंच नाही रे, कुठे जायचंय म्हणून."

उद्या नीट पार पडलं तर परवा तिला वॉकर धरून उभं करतील. मग हळूहळू जिना, मग कोपरा. जिरावणाची पुडी घरून न्यायची, असं तिनं बजावून ठेवलंय, दुकानवाला हात आखडतो म्हणे. आत्ता तिचा डोळा लागलाय. मला मात्र भीती वाटतेय, बाबा. तिच्यासमोर तसं म्हणायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.